मोजणीच्या आदल्या दिवशी

बोरटेक, १२ ऑक्टोबर १९७२

दादा, आशाचा नमस्कार.

तुमचं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, कारण चांगलं लिहावं असं इथं काही घडत नव्हतं. ज्वारी पोटरीत यायच्या आधीच वाळली. कपाशी गुडघ्याएवढी होऊन थांबली. हे तिसरं वर्ष. आमच्या गावातले उकंडराव सत्तरीचे आहेत. ते म्हणतात, वाईट साल त्यांनीही पाहिलं, पण एका वाईट सालानंतर एक बरं साल यायचं. आता पावसाची रीतच बदलली, असं त्यांना वाटतं. हे त्यांनी म्हटलं तेव्हा मला भीती वाटली, कारण ते उगाच बोलणारे नाहीत.

शेजारची खैरवाडी रिकामी झाली. पोळ्याच्या आधी चार घरं गेली, ती पाण्यासाठी गेली. बाकीची गेली ती चार घरं गेली म्हणून. मग पिठाची गिरणी बंद पडली, किराण्याचं दुकान उठलं, शाळेच्या गुरुजींनी बदली मागून घेतली. दारांना बाभळीच्या काटेरी फांद्या लावून लोक निघून गेले. दीड महिन्यात एक गाव संपलं.

ते पाहून परवा आमच्याकडे मारुतीच्या पारावर सगळे जमले. हिंदू, मुसलमान, मळ्यातले, गावठाणातले, सगळे. आम्ही बाया मागं बसलो होतो. उकंडराव म्हणाले, खैरवाडी पाण्यावाचून नाही गेली, जो तो आपापलं पाहत बसला म्हणून गेली. मग तीन गोष्टी ठरल्या. कुणी एकट्यानं गाव सोडायचं नाही. सगळ्यांचा कडबा एका गंजीत घालायचा आणि जनावरागणिक वाटायचा. आणि सगळ्या विहिरी मोजायच्या. ज्या विहिरीला आठ हातांच्या वर पाणी निघेल ती गावाची, पिण्यापुरती. पिकाला, बागेला एक थेंब द्यायचा नाही.

पहिल्यांदा उठून उभे राहिले ते तुमचे जावई. "माझी विहीर पह्यली मोजा," असं म्हणाले. सगळ्या बायांनी वळून माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

आमच्या विहिरीला अजून बारा हात पाणी आहे, तेव्हा आमची काळजी करू नका. मोसंबीला यंदा पहिल्यांदा फळ धरलंय. सहा वर्षांपूर्वी डोक्यावरून पाणी वाहून मीच ती रोपं जगवली होती. त्यांचं काय होतं ते पाहू. सोमवारी मोजणी आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आशा

•

बुलढाणा, २५ ऑक्टोबर १९७२

प्रिय आशा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं आणि एकदा कचेरीत. तुला ठाऊकच आहे, ऑगस्टपासून मला टंचाईच्या कामाला लावलंय. रोज टेबलावर अर्जांचा ढीग पडतो. कुणी विहिरीवरून भांडलं, कुणी डोकं फोडलं, कुठं सगळी वस्ती रातोरात सुरतेच्या वाटेला लागली. अशात तुमच्या गावाची हकीकत ऐकायला माझ्या शेजारचे कारकून खुर्च्या ओढून जवळ आले. एक जण म्हणाला, असं प्रत्येक गावानं केलं तर आपल्याला काम उरणार नाही.

भगवानराव असे उभे राहिले याचं मला नवल नाही. तुझं लग्न ठरवताना आबा म्हणाले होते, जमीन मध्यम आहे, माणूस चांगला आहे. आबा असते तर आज त्यांनी पेढे वाटले असते.

मी आमच्या साहेबांनाही बोरटेकचं सांगितलं. इकडे टँकर पाच आणि मागणारी गावं एकोणचाळीस. काय करावं ते साहेबांनाही सुचत नाही. तू मात्र निश्चिंत राहा. मोजणीचं काय झालं ते कळव.

तुझा दादा
किसन

•

बोरटेक, ९ डिसेंबर १९७२

दादा, नमस्कार.

तुम्ही मोजणीचं विचारलं होतं आणि माझ्याकडून लिहायचं राहून गेलं. सासूबाईंचं अंथरूण सुटत नाही. त्यांच्याजवळ कुणीतरी सतत लागतं.

मोजणी झाली. उकंडराव, आमच्या शाळेचे गुरुजी आणि रहेमतभाई गाठी मारलेला दोर घेऊन विहिरीविहिरीला फिरले. आमची साडेतीन हात निघाली. रहेमतभाईंची सगळ्यांत जास्त, नऊ हात. रहेमतभाई म्हणजे रहेमतुल्ला, आमच्या घराच्या पाठीमागं राहतात. त्यांनी लगेच विहिरीवरची मोट काढून ठेवली. सगळं गाव आता त्यांच्या विहिरीवर पितं. माणशी एक घागर. ज्यांच्या विहिरी आटल्या आणि घरात आजारी माणूस आहे, अशांना ते बैलगाडीवर पिंप ठेवून घरपोच पाणी देतात. त्यात आम्ही आहोत. कडब्याची गंजी सांभाळायचं काम गावानं यांच्यावर सोपवलंय.

एक विचारायचं होतं. गावानं नोव्हेंबरात टँकरसाठी अर्ज केला, त्याला काहीच उत्तर नाही. धाडच्या बाजूच्या दोन गावांना टँकर लागला. आमचा अर्ज कुठं अडला ते तुम्हांला पाहता येईल का? रहेमतभाईंची विहीर आता पाच हातांवर आली आहे. पाच हातांत तीनशे माणसं आणि पुढे सगळा उन्हाळा.

रहेमतभाईंच्या पत्नी खुर्शीदा भाभी रोज विचारतात, तुझ्या भावाचं पत्र आलं का.

आशा

•

बुलढाणा, १७ डिसेंबर १९७२

प्रिय आशा,

पत्र मिळालं. बारा हातांची विहीर चार दिवसांत साडेतीन हातांवर कशी आली, हे मला नीट उमगलं नाही. पण वीस वर्षं खुर्चीत बसल्यावर माझं शेतीचं डोकं गेलंय. जमिनीच्या पोटातलं पाणी कुणी पाहिलं. बाग गेली असेल. तू त्या रोपांसाठी काय केलंस ते मला ठाऊक आहे. फार वाईट वाटलं.

अर्जाचं म्हणशील तर यादी वर ठरते. आमच्यासारख्यांच्या हातात कागद इकडून तिकडे सरकवण्यापलीकडे काही नसतं. तरी मी लक्ष ठेवून आहे.

तुझी वहिनी म्हणते, तू सासूबाईंना घेऊन उन्हाळाभर इकडे ये. आमच्या नळाला एक दिवसाआड का होईना, पाणी येतं. गावानं कुणी जायचं नाही असं ठरवलंय हे मला आठवतं, पण आजारी माणसाला कोण नाव ठेवील? विचार कर.

किसन

•

बोरटेक, ३ फेब्रुवारी १९७३

दादा,

हे पत्र वाचून झालं की जाळा. वहिनींनाही दाखवू नका.

खुर्शीदा भाभींना बुलढाण्याच्या दवाखान्यात ठेवलंय. काल जीपनं नेलं. मांडीचं हाड मोडलंय. रहेमतभाई सोबत आहेत, त्यांचं तिथं ओळखीचं कुणी नाही. तुम्ही जाऊन या, डबा न्या. आणि जाण्याआधी हे सगळं वाचा, कारण माझ्याशिवाय हे सांगणारं कुणी नाही.

संक्रांतीच्या सुमारास बैल इतके खंगले की गाडी ओढेनात. पिंप बंद झालं. मी घागर घेऊन निघाले, तर भाभी म्हणाल्या, "तू सासूपाशी बस. मी माह्यं आनायले जातोच, एक हंडा जास्ती." तीन आठवडे त्या आमचा हंडा वाहत होत्या. त्यांच्या विहिरीचं पाणी इतकं खाली गेलंय की पायऱ्या संपल्यावर खडकात खोदलेल्या खोबणींत पाय ठेवून उतरावं लागतं. काल सकाळी त्यांनी आपला हंडा वर आणून ठेवला आणि दुसरा भरायला परत उतरल्या. तो आमचा होता. तेव्हा पाय घसरला.

दादा, आमच्या विहिरीला तेव्हा पाणी होतं आणि आजही आहे.

मोजणी सोमवारी होती. रविवारी सकाळी हे ओसरीवर बसले होते. म्हणाले, विहीर दिली की बाग गेली. नुसतं एवढंच म्हणाले. शब्द दिला होता आणि ते तो पाळणार होते, हे मला दिसत होतं. मी म्हणाले, "आज विहिरीवरचं इंजिन चालवा. उद्या मोजतील तेव्हा जेवढं असेल तेवढं असेल." हे माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हणाले. पहिल्या पत्रात मी तुमच्या जावयाचं कौतुक लिहिलं, ते खरं होतं. त्याच्यापुढचं सगळं माझं आहे.

विहीर टेकडीच्या पलीकडे आहे, आवाज गावात येत नाही. दिवसभर इंजिन चाललं. बागेला लागणार त्याच्या कितीतरी पट पाणी निघालं. वाफे भरले, मग पाटातून पाणी नाल्यात जायला लागलं. कोरड्या नाल्यात पाणी पाहून कुठून कुठून पाखरं आली. मी बांधावर उभी राहून पाहत होते आणि मनात म्हणत होते, लवकर आटू दे.

सोमवारी दोर खाली सोडला तेव्हा रहेमतभाईंना यांचा चेहरा पाहवला नाही. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुम्ही पह्यले उठले, भगवानराव. हेच गाव ध्यानात ठेवते." चार-पाच दिवसांत झरे लागून विहीर पुन्हा भरली. तेव्हापासून दर आठवड्याला, गाव खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेलं की, हे अर्धा तास इंजिन चालवतात. मोसंबी हिरवी आहे. कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, झाड खोल मुळाचं आहे. कुणी शंका घेत नाही. शंका घेतली असती तर बरं झालं असतं.

चार महिने मी त्यांच्या विहिरीचं पाणी दारात घेतलं, दादा. भाभी हंडा उतरवून धापा टाकत ओट्यावर बसायच्या आणि मी त्यांना त्यातलंच पेलाभर द्यायचे. त्या म्हणायच्या, नको, तुमच्या वाटचं आहे.

आता काय करू ते लिहा. हे घरात माझ्याशी बोलत नाहीत. जेवणाचं ताट घेतात आणि बाहेर जाऊन बसतात.

आशा

•

बुलढाणा, ११ फेब्रुवारी १९७३

प्रिय आशा,

पत्र जाळलं नाही. जाळायचा मला हक्क नाही, का ते पुढे वाचशील तेव्हा कळेल.

मी दवाखान्यात जाऊन आलो. आता रोज जातो. खुर्शीदाबाईंच्या पायाला वजनं लावून ठेवली आहेत. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पाय थोडा आखूड राहील. मी डबा नेला तेव्हा रहेमतुल्ला उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. तुझ्याबद्दल, भगवानरावांबद्दल इतकं चांगलं बोलले की मी डब्याची झाकणं पुन्हा पुन्हा लावत राहिलो. मग त्यांनी विचारलं, "साहेब, आमचा अर्ज कुठं अडून राह्यला?" मी म्हणालो, वर. ते म्हणाले, "वर म्हनजे कोनापाशी? मी पाया पडतो त्याच्या."

आशा, तो अर्ज वर गेलाच नाही. माझ्यापाशी अडला.

नोव्हेंबरात साहेबांनी मला गावं गाळायला सांगितलं. ज्या गावात कसंही करून पाणी असेल ते गाव बाजूला काढा, म्हणाले. बोरटेकचा अर्ज हातात आला तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. बारा हातांची विहीर आणि सगळ्या विहिरी सामाईक. मी अर्जावर शेरा मारला, 'गावात पुरेसे पाणी असल्याची खात्रीलायक माहिती.' माझ्या बहिणीच्या गावावरच मी काट मारतोय, म्हणजे मी किती निःपक्षपाती, असंही तेव्हा मनात आलं. थोडा फुगलोच.

डिसेंबरात तुझं पत्र आलं तेव्हा मला शेरा बदलता आला असता. पण बदलायचा म्हणजे साहेबांना सांगायचं की खात्रीलायक माहिती म्हणजे बहिणीचं घरगुती पत्र होतं. मी ते केलं नाही. यादी वर ठरते असं तुला लिहिलं. बारा हातांचे साडेतीन कसे झाले, हेही मी खोदून विचारलं नाही. तू सांगशील अशी मला भीती होती.

म्हणजे तुझ्या पत्रामुळे गावाला बाहेरून पाणी आलं नाही, आणि तुझ्या इंजिनामुळे आतून मिळालं नाही. दोन्हीकडे आपणच भाऊ-बहीण.

काय करायचं विचारतेस. मी बराच विचार केला. भगवानरावांना म्हणावं, विहिरीत थोडं खोदकाम केल्यासारखं करा, आणि नवा झरा लागला असं सांगून विहीर गावाला द्या. लोकांना पाणी मिळेल, तुमचं घर उभं राहील. चार माणसांत खाली मान घालून जगणं सोपं नाही. पाणी मिळाल्याशी कारण. माझ्या शेऱ्याचंही कुणाला कळायला नको. दुसरं मला सुचत नाही.

किसन

•

बोरटेक, २ मार्च १९७३

दादा, नमस्कार.

तुम्ही लिहिलं तेच यांच्याही मनात होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. महिन्याभरात पहिल्यांदा हे माझ्याजवळ बसले. चार दिवस यांनी एकट्यानं विहिरीत उतरून थोडा गाळ आणि मुरूम काढला. पाचव्या दिवशी पारावर जाऊन सांगितलं, झरा लागला.

मला वाटलं होतं, लोक पाण्याला येतील, भरतील, जातील. तसं झालं नाही. सगळं गाव टेकडी ओलांडून आलं. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना पाठीवर आणलं. शाळा सोडली. बाया हळदीकुंकू घेऊन आल्या, विहिरीला पाच फेऱ्या मारल्या. झुंबरबाई, तिचं तान्हं मूल डिसेंबरात हगवणीनं गेलं, ती काठावर बसून आत पाहत होती आणि उगाच हसत होती. वाटणीची घागर पुरेना म्हणून नदीत उकरलेल्या झिऱ्याचं गढूळ पाणी पाजत होती ती त्याला, आमच्या बागेला पाणी चाललं होतं तेव्हा. ही गोष्ट मी तुम्हांला आधीच्या पत्रात लिहिली नाही. लिहायचा धीर झाला नव्हता.

मग उकंडराव पुढे आले. त्यांच्या हातात नारळ होता, कुठून मिळवला देव जाणे. त्यांनी तो यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "भगवानराव, तुमच्या हातानं फोडा. तुमच्या सचोटीले पानी लागलं."

यांनी नारळ घेतला. फोडला असता. यांचा हात वर गेला होता.

मी मागं उभी होते. ठरवून काही बोलले नाही, दादा. तोंडातून निघून गेलं. "झरा नाही लागला. पानी दसऱ्यापासून आहे."

कुणाला ऐकू आलं नाही, की कळलं नाही, कोण जाणे. उकंडराव म्हणाले, काय म्हणतेस बाई. मी पुन्हा सांगितलं, सगळं सांगितलं. रविवार सांगितला, इंजिन सांगितलं, नाल्यात गेलेलं पाणी सांगितलं. मी म्हणाले, इंजिन चालवा असं मी म्हणाले होते. तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "चालवलं मी."

मला वाटलं होतं कुणी दगड उचलेल. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. बाया सावकाश उठल्या. झुंबरबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली, माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मग तिनं वाकून आपली घागर उचलली आणि विहिरीत सोडली. तिच्यामागं रांग लागली. लोकांना पाणी हवं होतं. आमच्यावर रागवायला पण त्यांना आधी पाणी भरून घ्यावं लागलं. उकंडरावांनी यांच्या हातातून नारळ काढून घेतला आणि घेऊन गेले. नारळाचं काय केलं ते मला माहीत नाही.

त्याच दिवशी गावानं इंजिनचा पट्टा काढून नेला. बाग महिन्याभरात जाईल. फळं झाडावरच सुकायला लागली आहेत, ती तोडायला आम्ही जात नाही. कडब्याची गंजी यांच्याकडून काढून घेतली नाही, यावर मी फार विचार केला. यांनी स्वतः जाऊन सांगितलं, दुसऱ्याला द्या. गुरुजी म्हणाले, "गंजीत तुम्ही कधी गडबड केली नाही, ते आम्हाले माहीत आहे. काम करा." हे घरी येऊन रडले.

आम्हांला पाणी बंद केलं नाही. सगळ्यांसारखी माणशी एक घागर. रांगेत माझ्या पुढची बाई आणि मागची बाई माझ्याशी बोलत नाहीत, पण माझा नंबर आला की दोर हातात देतात.

खुर्शीदा भाभींना परवा घरी आणलं. मी आता रोज त्यांचा हंडा भरून नेते. रहेमतभाई दार उघडतात, म्हणतात, ठेवा तिथं. मी ठेवते.

तुमच्या शेऱ्याचं मी कुणाला सांगितलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगायचं.

आशा

•

बुलढाणा, १४ मार्च १९७३

प्रिय आशा,

तुझं पत्र खिशात घेऊन मी आठवडाभर कचेरीत गेलो. रोज ठरवायचो आणि रोज साहेबांच्या टेबलापुढे बोरटेक सोडून दुसरंच काहीतरी बोलून यायचो. सोमवारी सांगितलं. अर्ज पुढे ठेवला, शेरा दाखवला, तुझं ऑक्टोबरचं पत्र दाखवलं. तुझी पुढची पत्रं दाखवली नाहीत.

मी नोकरीवर पाणी सोडायची तयारी करून गेलो होतो. साहेब थकलेले होते. त्यांनी शेरा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "किसनराव, असे शेरे मी किती मारले असतील, कुणाला माहीत." मग त्यांनी माझा शेरा खोडून खाली सही केली. बस, एवढंच. मला शिक्षा झाली नाही. संध्याकाळी घरी चालत येताना वाटलं, झाली असती तर कुणाकडे तोंड वर करून पाहता आलं असतं.

आता महत्त्वाचं. बोरटेकला टँकर मंजूर झाला आहे, एक दिवसाआड. नवा टँकर नाही, निमखेडीचा एक दिवस काढून तुम्हांला दिला आहे. पंचायतीनं पोच लिहून पाठवायची, म्हणजे येत्या सोमवारपासून सुरू होईल. रहेमतुल्लांना माझ्या तोंडून सांगायचं होतं, म्हणून रविवारी मी धाडपर्यंत एसटीनं आणि पुढे चालत येतो. अर्ज कुणापाशी अडला होता, तेही त्यांना सांगेन.

किसन

•

बोरटेक, २८ मार्च १९७३

दादा, नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात त्याला दहा दिवस झाले. तुम्ही रहेमतभाईंच्या ओट्यावर बसून सांगत होता, तेव्हा मी आत भाभींच्या खोलीच्या दारापाशी उभी होते. त्यांनी तुम्हांला चहा दिला. चहा कसला, गुळाचं काळं पाणी, तरी दिला. तुम्ही पेला हातात धरून बसलात, प्यायला नाहीत. ते भाभींनी अंथरुणातून पाहिलं. तुम्ही गेल्यावर त्या रहेमतभाईंना म्हणाल्या, त्याले चहा पाजल्याबिगर जाऊ द्यायचं नव्हतं.

तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी पारावर टँकरची गोष्ट निघाली. मला वाटलं, पोच लिहितील आणि उठतील. पण उकंडरावांनी विचारलं, निमखेडीत काय हाल आहेत, कुणी पाहिलंय का. गुरुजी सायकलनं जाऊन पाहून आले. निमखेडीत एकच विहीर आणि ती तळाला लागलेली. लोक जायची तयारी करत आहेत. टँकरचा एक दिवस कमी झाला की दहा-पंधरा घरं निघतील, आणि मग बाकीची निघतील. ते कसं होतं हे आम्ही पाहिलेलं आहे.

दोन दिवस वाद झाला, दादा. सगळे एकमनानं मोठे झाले असं समजू नका. झुंबरबाई म्हणाली, माझं लेकरू गेलं तेव्हा निमखेडीतून कोण आलं होतं? शेवटी रहेमतभाई म्हणाले, "आपल्यापाशी पानी असून आपन नाही म्हटलं, हे एकदा होऊन गेलं. पुन्हा नाही करायचं." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. तरी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. झुंबरबाई उठून गेली, पण सकाळी तीच आली आणि म्हणाली, लिहा काय लिहायचं ते.

लिहायचं काम माझ्यावर आलं. गुरुजी होते, त्यांनी लिहिलं असतं. पण उकंडराव म्हणाले, हिच्या भावाकडे जायचंय, हिला लिहू द्या. मला शिक्षा म्हणून सांगितलं की विश्वास म्हणून, ते मी ओळखू शकले नाही. पारावर सगळ्यांच्या मधे बसून मी लिहिलं. रहेमतभाई सांगत होते. 'आमच्या गावात पिण्यापुरते पाणी आहे. आमचा टँकरचा वार निमखेडीस परत द्यावा.' मी विचारलं, आधी टँकर मागितला होता, मग आता पाणी कुठून आलं, ते लिहू का? ते म्हणाले, "ते नका लिहू, वहिनी. खाली गावाचं नाव आहे."

तो कागद या पत्रासोबत आहे. सह्या आणि अंगठे मिळून एकशे बारा आहेत. यांची सही सगळ्यांच्या शेवटी आहे, यांनी मुद्दाम शेवटी केली.

भाभींचा अंगठा घ्यायला मी एकटी त्यांच्याकडे गेले. महिनाभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी कागद वाचून दाखवला, शाई लावली, त्यांनी अंगठा उठवला. मी हंड्यातलं पेलाभर पाणी त्यांना दिलं. त्या प्याल्या. पेला परत देताना म्हणाल्या, "आशाबाई, मले तहान लागते म्हनून तुह्या हातचं पेतो. माफ केलं म्हनून नाही."

मी हो म्हणाले.

त्या म्हणाल्या, "उद्या जरा लवकर आन. ऊन चढते."

आशा